काचेभोवतीची पट्टी

१९६८ च्या शेवरोले कमॅरो कन्व्हर्टिबलच्या, म्हणजे छत उघडता येणाऱ्या गाडीच्या, पुढच्या काचेभोवती बसणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या पक्क्या छताच्या कूपे गाडीच्या पट्ट्यांपेक्षा वेगळ्या असतात, हे सुटे भाग विकणाऱ्यांना दर वेळी नव्याने का समजावून सांगावे लागते? ‘दोन्हींना चालेल’ असे छातीठोकपणे सांगून पाठवलेली नवी पट्टी वरच्या कोपऱ्यात हमखास उघडी पडते आणि वर ‘दाबून बसवा’ असा सल्ला मिळतो. दाबून कशी बसणार? ती पट्टी धरून ठेवणाऱ्या क्लिपा चौकटीला वेल्ड केलेल्या बारीक स्टडवर, म्हणजे खुंट्यांवर, अडकतात; पट्टीखालच्या खोबणीत वर्षानुवर्षे पाणी साचून ते स्टड गंजलेले असतात आणि जरा जोर लावला की पत्र्याच्या पापुद्र्यासकट हातात येतात. म्हणूनच मूळ पट्टी भंगारात टाका, असे बिनदिक्कत सांगणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. स्टेनलेसला पडलेला पोचा आतल्या बाजूने हलक्या हाताने ठोकून काढता येतो, त्यानंतर अधिकाधिक बारीक वॉटर पेपरने घासून पट्टी बफिंगच्या चाकावर धरली की तिची झळाळी परत येते. काम वेळखाऊ आहे, हे मान्य. पण ते जमणारा कारागीर सुचवण्याऐवजी प्रत्येक विक्रेता तीच न बसणारी नवी पट्टी पुन्हा गळ्यात मारतो.