गुंठ्याला काय सोनं लागलंय?

सिंधुदुर्गात एखादं साधं घर विकत घ्यायचं म्हटलं की डोकंच फिरतं. पडकं कौलारू घर, वासे वाळवीने खाल्लेले, विहीर एप्रिलात तळाला, आणि भाव मात्र ठाण्यातल्या फ्लॅटचा! का, तर म्हणे 'सी व्ह्यू'. तो सी दिसायला कौलांवर चढून माडांच्या फटीतून मान लांब करावी लागते, ते सोडा. गुंठा म्हणजे अवघी १०८९ चौरस फूट जागा. त्याचे लाख असे सांगतात जणू कोथिंबिरीची जुडी.

समजा, जमवले पैसे. मग सातबारा उघडायचा. सामायिक खातेदारांची ही वरात! निम्मे कधीच वारलेले, वारसनोंद नाही. एक काकी बोरिवलीला, एक पुतण्या बडोद्याला, आणि एकाने सही केली की दुसरा भाव वाढवून मागणार. शेतजमीन असेल तर आधी तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा आणा. नसाल तर एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट बघा, तिथे दर आणखी वर.

आणि ते एजंट! "हायवेपासून दहा मिनिटं." कुठला हायवे? २०११ पासून ज्याचं रुंदीकरण चाललंय तो मुंबई-गोवाच ना? दर कमी करा म्हटलं की उत्तर तयार, "अवो, चिपीक विमानतळ झालो मा!" अहो, झाला. पण इथल्या शाळामास्तराने, एसटीच्या कंडक्टरने घर घ्यायचं ते विमानात बसायला?