+91 दिसलं म्हणून पलीकडचा माणूस खरा ठरत नाही

"आता काळजी नाही गं, सरकारनेच बंदोबस्त केलाय," म्हणत आत्याने एक मेसेज पाठवला. तो सोसायटीच्या ग्रुपवरही फिरतोय. आत्या एकटी राहते, पेन्शनचं सगळं फोनवर पाहते, म्हणून गप्प बसवत नाही.

मेसेजचे चार मुद्दे: +91 चा फोन भारतातूनच येतो. ट्रूकॉलरवरचं नाव तपासलेलं असतं. शंका आली तर त्याच नंबरवर उलट फोन करा, रिंग वाजली की माणूस खरा. आणि #90 दाबलं की सिम हॅक होतं.

माणसं लुटली जातील ती तिसऱ्या मुद्द्याने, म्हणून आधी तो. इंटरनेटवरून लावलेल्या फोनमध्ये 'कुणाकडून' हा रकाना लावणाऱ्याच्या बाजूचं यंत्र भरतं. पाकिटावर पाठवणारा स्वतःचा पत्ता स्वतःच लिहितो, तसं. मधल्या कंपनीने तपासलं नाही, तर तोच नंबर तुमच्या स्क्रीनवर येतो. भामट्याने खऱ्या पोलीस ठाण्याचा नंबर टाकला, तर तुमच्या उलट फोनची रिंग खऱ्या ठाण्यातच वाजेल! मेसेजप्रमाणे आत्या तेवढ्यावर निर्धास्त होणार आणि भामट्याचा पुढचा फोन विश्वासाने घेणार. "मघाशी तुम्ही मला फोन केला होता का?" हे विचारायला मेसेज सांगतच नाही. आणि नंबर भामट्याचाच असेल, तर उलट फोन तोच उचलेल.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य. 22 ऑक्टोबर 2024 ला दूरसंचार विभागाने परदेशातून भारतीय नंबर लावून येणारे बनावट फोन अडवणारी यंत्रणा सुरू केली. सरकारी निवेदनानुसार पहिल्या 24 तासांत असे सुमारे 1.35 कोटी फोन अडवले. भारतीय नंबर दाखवत परदेशातून आलेल्या फोनांपैकी ते 90 टक्के होते. काम मोठंच आहे. पण दुबईत रोमिंगवर असलेल्या भाच्याचा +91 चा फोन आजही येतो, यायलाच हवा. शिवाय सिम बॉक्सचं काय? परदेशातला इंटरनेट कॉल इथल्या एखाद्या खोलीतल्या यंत्रात येतो आणि साध्या भारतीय सिममधून बाहेर पडतो. नंबर अस्सल, सिम भलत्याच्या नावावर. लातूरमध्ये 2017 साली असं बेकायदा एक्स्चेंज पकडलं होतं. व्हॉट्सॲप कॉल तर या यंत्रणेतून जातच नाही.

अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना जून 2021 पासून इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनवर, नंबर किती खात्रीचा हे सांगणारी डिजिटल सही करावी लागते. त्यातला सर्वोच्च 'ए' दर्जासुद्धा एवढंच सांगतो की ग्राहक कंपनीच्या ओळखीचा आहे आणि नंबर वापरायचा त्याला हक्क आहे. त्याचा हेतू कुणीच तपासत नाही.

ट्रूकॉलरवरची बरीचशी नावं लोकांनीच दिलेली असतात. काही कार्यालयांना पडताळणीची खूण मिळते, पण नुसतं 'पोलीस' लिहिलेलं दिसणं म्हणजे ती खूण नव्हे.

#90 ची अफवा जुन्या ऑफिस एक्स्चेंजच्या काळातली, सोडून द्या. *401* लावून फोन दुसरीकडे वळवून घ्यायची फसवणूक मात्र खरी होती. म्हणून तर 15 एप्रिल 2024 पासून कोड लावून कॉल वळवण्याची सोय थांबवायचे आदेश निघाले.

आत्याला मी एवढंच सांगितलंय: बँकेचं नाव सांगितलं की फोन ठेव, कार्डामागचा नंबर स्वतः लाव आणि फोन केला होता का ते विचार. पोलीस असल्याचं सांगून फोनवरच 'डिजिटल अटक' केली म्हणाले तर बोलूच नको, कायद्यात तसं काही नाही. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन कर.