बेस्टचं फक्त नाव, बाकी कंत्राटदार
मुंबईतल्या बसवर नाव बेस्टचं. गाडी, चालक, दुरुस्ती कंत्राटदाराची. वेट लीज म्हणतात याला! पैसे मिळणार धावलेल्या किलोमीटरवर. मग काटकसर कुठे होणार? टायर, ब्रेक, एसी आणि चालकाच्या पगारातच ना! इलेक्ट्रिक बसला क्लच नाही, पेडल दाबताच ती झेपावते. डिझेल गाडीवर हात बसलेल्या चालकाला नीट प्रशिक्षण हवंच. त्याची चर्चा सुरू व्हायला 9 डिसेंबर 2024 ला कुर्ल्यात बेस्टच्या अशाच इलेक्ट्रिक बसखाली माणसं चिरडली जावी लागली. कंत्राट परवडेनासं झालं की गाड्या गायब आणि स्टॉपवर लोक ताटकळत. 2019 मध्ये बेस्टने 3,337 बस स्वतःच्या राखायचं ठरलं होतं; भंगारात गेलेल्यांच्या जागी नव्या का नाही घेतल्या? चालक आगाराचा, दुरुस्ती आगारातच, एवढं तरी परत आणा!