दोन गिगाबिटचे बिल आणि ९४ चा आकडा

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात एका इंटरनेट कंपनीने २ गिगाबिटची फायबर जोडणी देऊ केली आणि मी ती घेतली. त्यात हौसेचा भाग होताच, तो लपवत नाही. पण मुलगी घरून चित्रफितींच्या संकलनाचे काम करते आणि तिच्या शंभर-शंभर जीबीच्या फाइली रात्रभर अपलोड होत राहतात, हे घरात सांगण्याजोगे कारणही हाताशी होते. जोडणी करायला आलेल्या मुलाने हॉलमध्ये उभे राहून स्वतःच्या फोनवर चाचणी घेतली, सहाशेच्या आसपास आकडा दाखवला आणि "वायफायवर एवढंच येतं, काका" असे सांगून तो पुढच्या घरी गेला. रात्री मुलीच्या खोलीत, भिंतीतून आलेली लॅन केबल लॅपटॉपला लावून मी पुन्हा मोजले, तर ९४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९४ मेगाबिट; २ गिगाबिट म्हणजे तर २००० मेगाबिट. पुन्हा मोजले, पुन्हा ९४.

पुढचे तीन आठवडे मी या आकड्याचा माग काढत होतो. त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे: एवढ्या वेगाच्या योजना विकताना कंपन्या ग्राहकाला सर्वांत आवश्यक माहिती देत नाहीत, आणि आपणही ती मागत नाही. ही माहिती म्हणजे फायबर घरात येऊन जिथे संपते त्या डबीवरचे, म्हणजे ओएनटीवरचे, पोर्ट (केबल जोडायची खाच) किती वेगाचे आहे. तिथपर्यंत मी कसा पोहोचलो ते सविस्तर सांगतो, कारण आधी दोष माझ्याच घरात निघाला.

९४ हा आकडा फार बोलका असतो. इथरनेटवर, म्हणजे लॅन केबलवर, माहितीचे १५०० बाइटचे एक पाकीट पाठवायचे तर आगेमागची वेष्टने आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा धरून तारेवर १५३८ बाइटची जागा जाते, आणि त्यातला आपल्या कामाचा मजकूर साधारण १४४८ बाइटचा असतो. म्हणजे शंभरातले ९४ आपले आणि बाकीचे वाहतुकीचे. त्यामुळे चाचणीत ९४ वर काटा अडकला तर तारेचा दुवा १०० मेगाबिटचा आहे, ९४० वर अडकला तर १ गिगाबिटचा आहे, असे समजायला हरकत नाही. इंटरनेट मंद असेल तर आकडा वरखाली होतो. तो एकाच जागी खिळून राहिला की दुखणे बहुधा तारेत किंवा पोर्टात असते. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हा दुव्याचा वेग स्पष्ट लिहिलेला असतो. मी तो इतक्या वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तर दोन्हीकडची यंत्रे आपसांत तडजोड करून निमूटपणे १०० वर उतरतात. कुठे लाल दिवा लागत नाही की सूचना येत नाही. मुलीच्या खोलीतली भिंतीतली पेटी उघडली तेव्हा तपकिरी तार मुळाशी तुटलेली दिसली. घराचे रंगकाम आणि फॉल्स सीलिंग झाले तेव्हाच ती तुटली असावी. आमची आधीची योजनाच १०० मेगाबिटची असल्याने ती बिचारी कधी कुणाला जाणवलीच नाही.

नवी केबल आणायला तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "कॉपर देऊ की सीसीए?" सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. ती स्वस्त आणि हलकी असते, पण तिचा रोध जास्त असतो आणि पाइपातून ओढताना, वळवताना ती लवकर तुटते. ओळखायची सोपी युक्ती त्यानेच दाखवली: तार ब्लेडने खरवडायची, आतून चंदेरी निघाली की ॲल्युमिनियम. प्रश्न विचारून खरा माल देणाऱ्या त्या गृहस्थांचे आभार मानायला हवेत. मी मात्र कॅट सेव्हन, म्हणजे फार वरच्या दर्जाची केबल, मागून माझे अज्ञान प्रकट केले, आणि त्यांनी ते अर्ध्या किमतीत दुरुस्त केले. २.५ गिगाबिटचे इथरनेट २०१६ मध्ये प्रमाणित झाले ते मुळात इमारतींमध्ये आधीच पडलेल्या केबल चालाव्यात या हेतूनेच, आणि चांगल्या तांब्याची साधी कॅट फाइव्ह-ई केबल १०० मीटरपर्यंत तो वेग वाहून नेते. तीन खोल्यांच्या घरात १०० मीटर कुठून आणणार? आमच्या घराला कॅट सिक्स पुरून उरते. त्यापुढचे आकडे घरगुती ग्राहकाला महाग माल विकण्यासाठी बरे असतात.

नवी केबल पडली, दोन्ही टोकांचे प्लग नीट दाबून बसले आणि आकडा थेट ९४० वर गेला. तिथेच खिळला.

आता तार निर्दोष होती, राउटरला २.५ गिगाबिटची दोन पोर्ट होती आणि लॅपटॉपला यूएसबीवर चालणारा २.५ गिगाबिटचा अडॅप्टर होता. राहता राहिली ती ओएनटी. तिला पालथी घातली, मॉडेल क्रमांक वाचला आणि माहितीपत्रक शोधले, तर चारही लॅन पोर्ट १ गिगाबिटची. म्हणजे दोन गिगाबिटचे बिल घेणाऱ्या कंपनीने स्वतःच्याच डबीतून दोन गिगाबिट बाहेर पडायची वाट ठेवली नव्हती. फोन केला. "सर, आमच्या बाजूने सगळं ओके दिसतंय, आणि प्लॅन अप टू आहे." हे "अप टू" आता मराठीतलाच शब्द झाले आहे आणि त्याचा अर्थ "विचारू नका" असा आहे. चौथ्या तक्रारीनंतर एक जाणते तंत्रज्ञ आले, त्यांनी डबी पाहताक्षणी मान हलवली आणि दोन दिवसांनी २.५ गिगाबिटचे पोर्ट असलेली ओएनटी बसवून दिली. माणूस जाणता होता आणि डबी गोदामात पडून होती. ती द्यायची आहे हे मात्र कुणीच पाहिले नव्हते.

याच गृहस्थांना मी दुसरा प्रश्न विचारला, तो तुम्हीही विचारा: आमच्या इमारतीला येणारे फायबर जीपीओएन आहे की एक्सजीएस-पीओएन? जीपीओएनमध्ये एका फायबरवर सगळ्यांना मिळून खाली (डाउनलोडला) २.४८८ आणि वर (अपलोडला) १.२४४ गिगाबिट असतात, आणि स्प्लिटरमधून, म्हणजे एका फायबरच्या अनेक शाखा करणाऱ्या डबीतून, तो वाटा बहुधा ३२ किंवा ६४ घरांत जातो. अशा जाळ्यावर एकट्याला २ गिगाबिटची योजना विकणे म्हणजे मंगल कार्यालयातली अख्खी पंगत एका पानावर वाढायचे कबूल करण्यासारखे आहे. बाकीचे जेवायला आले नाहीत तरच ते जमते. एक्सजीएस-पीओएन दोन्ही दिशांना सुमारे १० गिगाबिटचे असते, आणि या योजनांना ते शोभते. आमच्याकडे सुदैवाने तेच निघाले, आणि मुलीचे अपलोड खऱ्या अर्थाने सुटले.

राउटरच्या बाबतीत मी एकच चूक केली होती. कोणते यंत्र किती डेटा वापरते हे दाखवणारी सोय मी चालू ठेवली होती. अशी सोय चालू असली की काही राउटरमध्ये पाकिटे झटपट पुढे ढकलणारी हार्डवेअरची आडवाट बंद होते आणि सगळा भार साध्या प्रोसेसरवर येतो. ती सोय बंद केल्यावर आकडा १९०० च्या वर गेला. वायफायचा त्रागा मात्र करू नये. दोन अँटेनांच्या वायफाय सिक्स फोनला ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर कागदोपत्री १२०१ मेगाबिट मिळतात, हाती त्याच्या साठ-सत्तर टक्के आले तरी उत्तम, आणि मध्ये एक भिंत आली की तेही नाही. तो पहिल्या दिवशीचा मुलगा त्याच्यापुरते बरोबरच सांगत होता.

एक हिशेब मात्र सही करण्याआधी सर्वांनी करावा. अनेक "अमर्यादित" योजनांप्रमाणे माझ्याही योजनेला महिन्याला ३.३ टेराबाइटची मर्यादा आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून २ गिगाबिट म्हणजे सेकंदाला २५० मेगाबाइट. त्या वेगाने अखंड उतरवले तर ३.३ टेराबाइट ३ तास ४० मिनिटांत संपतात. महिन्याचे पैसे भरून पूर्ण वेग पावणेचार तासांचा! अर्थात तसे कुणी वापरत नाही. चित्रपटांपुरते इंटरनेट लागणाऱ्या घराला याची गरजही नाही. नेटफ्लिक्स स्वतः फोर-के चित्रासाठी १५ मेगाबिट पुरेसे मानते. साधी फिरती हार्ड डिस्क असलेल्या संगणकाला तर सेकंदाला २५० मेगाबाइट लिहून घेणेही जमत नाही, तेव्हा पैसे आधी एसएसडीवर खर्च करावेत.

ज्यांचे काम खरोखर अडते त्यांनी अशी योजना जरूर घ्यावी. मात्र अर्जावर योजनेच्या वेगाशेजारी ओएनटीच्या पोर्टचा वेग आणि अपलोडचा वेग लिहून मागावा, आणि चाचणी फोनवर न घेता केबलवर, आपल्या समोर करून घ्यावी. कंपनीला मी हेच ईमेलने कळवले, त्यावर सेवेला पाचपैकी किती तारे द्याल अशी विचारणा आली. बदललेल्या ओएनटीच्या पावतीवरही पोर्टचा वेग छापलेला नाही. तो मी पेनाने लिहून ठेवला आहे.