दोन मिनिटांत निवेदक पारखावा कसा

अभिनंदन. आजवर गाडीत एकटे बसून तुम्ही रेडिओला जे सुनावत होतात, ते आता अधिकृतपणे सुनावायचं आहे. समजा, अमेरिकेतल्या पब्लिक रेडिओला, म्हणजे श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओला, नवे निवेदक हवेत, त्यासाठी स्पर्धा लागली आहे आणि परीक्षक तुम्ही आहात. पात्रता एवढीच की तुम्हाला दोन कान असावेत. एकही चालेल, दुसरा तसाही भांड्यांच्या आवाजात अडकलेला असतो.

थट्टा वाटत असेल तर सांगतो, हे एकदा खरोखर झालंय. २००७ साली पीआरएक्स, म्हणजे पब्लिक रेडिओ एक्स्चेंज, या संस्थेनं 'पब्लिक रेडिओ टॅलेंट क्वेस्ट' नावाची स्पर्धा घेतली. पैसे कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगचे, सरकारी निधी स्टेशनांना वाटणारी संस्था होती ती. दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण करून पाठवायचं, बाकी अट नाही, अनुभव नाही, ओळखपाळख नाही. १४०० हून जास्त लोकांनी पाठवलं. स्पर्धकांत काय हवं, यासाठी आयोजकांनी 'होस्टीनेस' असा शब्द चालवला होता. आपण निवेदकपणा म्हणू. तो काय असतो हे सांगता येत नाही, पण नसला की लगेच कळतो, आमटीतल्या मिठासारखा. अशी मोजता न येणारी वस्तू मोजायची म्हटल्यावर आयोजकांना तुमची आठवण झाली, यात नवल नाही. अशी स्पर्धा पुन्हा निघाली तर गडबड नको, म्हणून चार गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो.

आधी हिशेब. १४०० गुणिले दोन, म्हणजे २८०० मिनिटं, म्हणजे शेहेचाळीस तास चाळीस मिनिटं. जवळजवळ दोन दिवस, तेही डोळ्याला डोळा न लावता. इतकं ऐकायचं नसतं. पहिली पाच मुद्रणं मन लावून ऐका, पुढची दहा पहिल्या वाक्यापर्यंत, आणि त्यानंतर माणूस बोलण्याआधी श्वास कसा घेतो त्यावरून निकाल द्या. ज्या दूरच्या ओळखीच्यानं 'मत द्यायला विसरू नका' असा निरोप तीनदा पाठवलाय, त्याचं काम सगळ्यात आधी उरकून टाका. ऐकल्यावर द्यायला जड जाईल.

आता मुख्य मुद्दा, आवाज. चांगला आवाज कसा ओळखायचा? अगदी सोपं आहे. जो आवाज तुम्ही गेली वीस वर्षं सकाळी दात घासताना ऐकत आलात, त्याच्याशी ताडून पाहा. जुळला तर चांगला. थोडा मऊ, थोडा दमलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित आश्चर्य, आणि बोलणाऱ्यानं स्वेटर घातलाय हे नुसतं ऐकून कळावं. माणूस मायक्रोफोनच्या फार जवळ गेला की 'प' आणि 'फ' फुटतात, तिथं गुण कापा. ओठांची चिकचिक ऐकू आली, कापा. मजकूर फार चांगला असेल आणि तुम्ही गुण कापायचं विसरून गेलात, तर पुन्हा सुरुवातीपासून लावा आणि या वेळी मजकुराकडे लक्ष देऊ नका.

बाई बोलत असेल तर परीक्षकाची जबाबदारी वाढते. तिच्या वाक्याच्या शेवटी घशातून जी खरखर येते तिला व्होकल फ्राय म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा, तक्रार एकदम अभ्यासपूर्ण वाटते. एका नावाजलेल्या कार्यक्रमानं २०१५ साली आपल्या तरुण वार्ताहर मुलींच्या आवाजाबद्दल आलेल्या संतप्त पत्रांवर एका भागात खास चर्चा केली. त्यात निवेदक आयरा ग्लास यांनी लक्षात आणून दिलं की ही खरखर त्यांच्या स्वतःच्या आवाजातही आहे आणि त्याबद्दल एकही पत्र येत नाही. हा मुद्दा तुम्हाला लागू नाही. तुम्ही पुरुषाच्या खरखरीला 'भारदस्त' म्हणता आणि बाईच्या खरखरीला 'कानाला त्रास' म्हणता, हा पक्षपात थोडाच झाला? दोन वेगळे शब्द वापरल्यावर गोष्टीही दोन झाल्या.

आणि यात तुम्ही एकटे नाही, मोठी परंपरा आहे. १९७२ साली सुझन स्टॅम्बर्ग एनपीआरच्या, म्हणजे नॅशनल पब्लिक रेडिओच्या, रोजच्या संध्याकाळच्या बातमीपत्राच्या निवेदक झाल्या. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर रोजचं बातमीपत्र सांभाळणारी ही पहिली बाई. तेव्हा काही स्टेशनांच्या व्यवस्थापकांना शंका आली की बाईच्या आवाजाला वजन येईल का? शिवाय तो आवाज फारच न्यूयॉर्कचा आहे, असंही म्हणणं पडलं. पुढची पन्नास वर्षं त्या बोलत राहिल्या आणि शंका काढणाऱ्यांची नावं आज कुणाला सांगता येत नाहीत. पण त्यांनी वेळेवर शंका काढली, हे महत्त्वाचं. परीक्षकाचं काम शंका काढणं, खरं ठरणं नव्हे.

डायॅन रीम यांचंही तेच. १९९८ मध्ये निदान झालं की त्यांना स्पॅस्मॉडिक डिस्फोनिया आहे, स्वरयंत्राचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि आवाज थरथरतो, तुटतो. त्या आवाजानं त्यांनी २०१६ पर्यंत देशभर ऐकला जाणारा चर्चेचा कार्यक्रम चालवला, राजकारण्यांपासून लेखकांपर्यंत सगळ्यांना समोर बसवून. तुमच्या कसोटीवर त्यांचं दोन मिनिटांचं मुद्रण वीस सेकंदांत बाद झालं असतं. आणि ते मॅग्लिओझी बंधू! 'कार टॉक'! १९७७ मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूबीयूआर स्टेशनवर सुरू झाले, १९८७ पासून देशभर. बॉस्टनचा ठसठशीत हेल, गाडीच्या गिअरबॉक्सवर सल्ला, आणि सल्ल्यापेक्षा स्वतःच्याच विनोदावर गडगडाटी हसणं जास्त. स्वतःच्या विनोदावर हसणाऱ्याला तुम्ही काय गुण द्याल, मला माहीत आहे. २०१२ मध्ये त्यांनी नवे भाग करणं थांबवलं, तरी नंतर कित्येक वर्षं स्टेशनं जुनेच भाग लावत राहिली आणि लोक ऐकत राहिले. लोक म्हणजे तुम्हीच. पण तेव्हा तुम्ही परीक्षक नव्हतात, तेव्हा नुसते हसत होतात.

(हे लिहिताना मलाही एक जुनी गोष्ट आठवली. एका निवेदिकेबद्दल मी घरात महिनाभर कुरकुर करत होतो. ती रजेवर गेली आणि बदली माणूस आला, तेव्हा पहिल्या सकाळी मी रेडिओचा अँटेना हलवून पाहिला.)

शेरा लिहिताना मात्र एक तत्त्वाची गोष्ट सोडू नका. सुरुवातीला ठणकावून लिहा की पब्लिक रेडिओला नव्या, ताज्या, वेगळ्या आवाजांची नितांत गरज आहे. इथे 'विविधता' हा शब्द येऊ द्या. मग पुढच्याच ओळीत लिहा की हा स्पर्धक चांगला आहे, पण 'आपल्या रेडिओसारखा' वाटत नाही. या दोन वाक्यांत विसंगती आहे असं वाटलं तर मध्ये एक ओळ मोकळी सोडा. चेंजेराई कुमानिका नावाच्या अभ्यासकानं २०१५ मध्ये लिहिलं होतं की स्वतःच्या रेडिओ-वृत्तांताची संहिता लिहिताना त्याच्या डोक्यात ती वाक्यं दुसऱ्याच, गोऱ्या निवेदकाच्या आवाजात वाजत होती. बघा, माणूस स्वतः कृष्णवर्णीय, स्वतःचाच मजकूर, आणि डोक्यातला आवाज परका. तुमच्यासारख्या परीक्षकांनी इतकी वर्षं घेतलेल्या मेहनतीचं याहून मोठं प्रमाणपत्र कुठे मिळणार?

दोन मिनिटांत काय ऐकू येत नाही, याचा विचार करू नका, उगाच झोप जाईल. ते दोन मिनिटांचं मुद्रण स्पर्धकानं कपाटात कपड्यांच्या मध्ये बसून तेवीस वेळा केलेलं असतं, अडखळलेला प्रत्येक शब्द कापून काढलेला असतो. निवेदकाचं खरं काम नेमकं तिथून पुढे सुरू होतं. फोनवरचा पाहुणा वाक्याच्या मध्येच गायब होतो तेव्हा. मंत्री तिसऱ्यांदा प्रश्न टाळतो आणि चौथ्यांदा विचारायचं की नाही हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं तेव्हा. घड्याळाचा काटा बातम्यांवर येतोय आणि समोरची बाई नुकतीच रडायला लागलीये तेव्हा. चांगला निवेदक त्या वेळी गप्प बसतो. आता स्पर्धेत गप्प बसण्याला गुण कसे द्यायचे? ध्वनिफीत बिघडली असं समजून तुम्ही पुढच्याकडे जाल.

आणि सगळ्यात अवघड पेपर तर स्पर्धेत कुणी ठेवतच नाही. वर्गणी मागणं! पब्लिक रेडिओवर सरळ जाहिरात करता येत नाही. प्रायोजकाचं नाव सांगता येतं, पण 'आजच खरेदी करा' म्हणता येत नाही. म्हणून वर्षातून दोन-तीनदा वर्गणीचे दिवस येतात. तुम्ही मन लावून युद्धाची बातमी ऐकत असता, ती थांबते, आणि निवेदक शेजारच्या सहकाऱ्याशी दहा मिनिटं गप्पा मारतो की फोन का वाजत नाहीत. पुन्हा दहा मिनिटं. मग वर्गणीदाराला भेट मिळणाऱ्या कापडी पिशवीचं वर्णन, मग कपाचं, मग पुन्हा पिशवीचं. तीच दोन वाक्यं दिवसातून चाळीस वेळा, प्रत्येक वेळी आत्ताच सुचल्यासारखी, लाचार न वाटता आणि धमकीही न वाटता. हे ज्याला जमतं त्याला जगात काहीही जमतं. स्पर्धकांना कथा सांगायला लावण्यापेक्षा रिकाम्या खोलीत बसवून आठवडाभर एका पिशवीबद्दल बोलायला लावलं असतं, तर १४०० तले चौदा उरले असते, आणि पिशवीही खपली असती.

पण तुम्ही हा पेपर कसा तपासणार? वर्गणीच्या दिवसांत तुम्ही दुसरं स्टेशन लावता.

लावता ते लावा, पण शेऱ्यात वर्गणीचा उल्लेख हवाच. सुरुवात अशी: 'मी तीस वर्षांचा श्रोता आणि देणगीदार.' शेवट असा: 'हा जिंकला तर मला देणगीचा पुनर्विचार करावा लागेल.' रक्कम लिहू नका. वजन शब्दांतून येऊ द्या, आकड्यातून ते उतरतं. आणि आता तर या वाक्याला भाव आलाय. २०२५ च्या जुलैत अमेरिकी काँग्रेसनं सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, आणि ऑगस्ट उजाडताच कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगनं आपला गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ज्या संस्थेनं त्या स्पर्धेला पैसा दिला ती संस्थाच गेली. आता लहान गावातलं स्टेशन जगवणार कोण, तर तुम्ही. म्हणजे यापुढे एखाद्या निवेदकाचा 'स' तुम्हाला टोचला, तर स्टेशनच्या व्यवस्थापकाला तो खरंच टोचेल. ही सत्ता जपून वापरा, म्हणजे वारंवार वापरा.

राहता राहिला निकाल. २००७ च्या त्या स्पर्धेत श्रोत्यांची मतं आणि परीक्षकांची निवड अशा फेऱ्यांमधून शेवटी तिघे उरले: ग्लिन वॉशिंग्टन, अल लेटसन आणि रिबेका वॉटसन. प्रत्येकाला नमुन्याचा एक भाग करायला १०,००० डॉलर मिळाले. रिबेका विज्ञानाच्या आणि 'स्केप्टिक', म्हणजे प्रत्येक दाव्याला पुरावा मागणाऱ्या, मंडळींच्या गोटातून आलेली. ग्लिन आणि अल हे दोघे कृष्णवर्णीय, दोघांच्याही आवाजात स्वेटर नाही. ग्लिन तर ठेक्यावर बोलतो, मागे संगीत चालू, गोष्ट कुजबुजत सुरू होते आणि अंगावर येते. २०१० मध्ये त्याचा 'स्नॅप जजमेंट' हा कार्यक्रम सुरू झाला. अल लेटसननं आधी गावोगाव फिरून 'स्टेट ऑफ द रीयुनियन' केलं, पुढे शोधपत्रकारितेच्या 'रिव्हील'चा तो निवेदक झाला. एवढ्या कडक नियमांतून ही मंडळी निसटली कशी, याची चौकशी व्हायला हवी होती. बहुधा काही श्रोत्यांनी ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकलं असावं.

पण तुम्ही खचू नका. निकाल तुमच्याविरुद्ध गेला तरी परीक्षकपद कुठे जात नाही. एखाद्या रात्री ऑफिसातून घरी याल, गाडी दारात उभी कराल, इंजिन बंद कराल आणि उतरणार नाही, कारण रेडिओवरची गोष्ट अजून संपलेली नसेल. एनपीआरवाले याला 'ड्राइव्हवे मोमेंट' म्हणतात, बायका वेगळं काही म्हणतात. पंधरा मिनिटांनी बायको दार उघडून विचारेल, आत का येत नाहीस, कोण बोलतंय एवढं? तेव्हा काच खाली करा आणि सांगा, अगं हा तोच, त्या स्पर्धेतला, याला मीच मत दिलं होतं.

ती विचारेल, मग त्या वेळी घरभर कुणाच्या नावानं ओरडत होतास? काच वर घ्या. गोष्टीचा शेवट व्हायचाय अजून.