दोन फुटांनी बढती

आमच्या नात्यागोत्यात माणसाची प्रगती आकारमानावरून ठरते. वन बीएचकेतून टू बीएचके, एका दाराच्या फ्रिजवरून दोन दारांचा, स्कूटरवरून गाडी, गाडीवरून सात जण बसतील अशी गाडी. त्यामुळे मी पाण्यावर वल्हवायचा साडेदहा फुटी बोर्ड विकायला काढून साडेआठ फुटी आणला, तेव्हा नेरूळपासून डोंबिवलीपर्यंत सगळ्यांचा एकच समज झाला. मामांनी तर फोनवर आडून आडून विचारलं, "ऑफिसात सगळं ठीक आहे ना रे?" छोटा बोर्ड जुन्यापेक्षा महाग पडला, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. जास्त पैसे देऊन कमी वस्तू आणणारा माणूस त्यांच्या लेखी एकतर आजारी असतो नाहीतर प्रेमात.

बोर्ड म्हणजे उभं राहून वल्हं मारायचा, स्टँड-अप पॅडल बोर्ड. करणारे त्याला नुसतं 'सप' म्हणतात. खेळ मूळचा हवाई बेटांवरचा, आणि लाटांवरचा. सपाट पाण्यावर तो करायचा तर साडेदहा फूट लांब, बत्तीस इंच रुंद बोर्डासारखं सुख नाही. त्यावर बसून मटार सोलता येतात. पण लाटेवर गेलं की जुना बोर्ड म्हणजे ठाणे-वाशी लोकल, रूळ ठरलेला. लाट जिकडे नेईल तिकडे, म्हणजे किनाऱ्याकडे, सरळ. वळायला सांगितलं की तो विचार करतो, आणि त्याचा विचार पूर्ण व्हायच्या आत वाळू लागते. "दादा, वळायचंय ना? मग लांबी सोडा," असं आमचे प्रशिक्षक म्हणाले. वयाने ते माझ्या पुतण्याएवढे, पण पाण्यात मी त्यांना अहो-जाहो करतो. माझा जीव त्यांच्या शिट्टीवर असतो.

बोर्डाची खरी ओळख लांबीने नाही, लिटरने, म्हणजे त्याच्या घनफळाने पटते. जुना १८० लिटरचा होता, नवा १२५. आमच्या घरात लिटरचा संबंध दूध आणि गच्चीवरची टाकी यांच्यापुरता. आठवीतली लेक मात्र कॅल्क्युलेटर घेऊनच बसली. "बाबा, तुझे ८४ किलो आणि बोर्डाचे ८, झाले ९२. खारं पाणी लिटरला एक पूर्णांक पंचवीस हजारांश किलो. म्हणजे १२५ पैकी ९० लिटर पाण्याखाली." जुना बोर्ड अर्धा तरी पाण्याबाहेर राहायचा. नव्याचा जेमतेम पाव भाग वर, आणि त्यावर मी. "म्हणजे याचं वजन एक किलो वाढलं की आणखी एक लिटर बुडणार?" बायकोने विचारलं. लेक म्हणाली, "साधारण." त्या संध्याकाळपासून दिवाळीतल्या उरलेल्या बेसन लाडवांचा डबा मला दिसलेला नाही. आर्किमिडीजचा सिद्धांत आमच्या घरी एवढ्या तातडीने लागू होईल, असं त्याला स्वतःलाही वाटलं नसेल.

साडेआठ फुटी बोर्ड लिफ्टमध्ये मावेल, अशी एक भाबडी आशा होती. आमच्या वॉचमननी त्याला उभा, आडवा, तिरका असा सगळ्या कोनांतून घालून बघितला. दार चार बोटं उघडं राहिलं आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावरच्यांच्या नावाने किंचाळत राहिली. जुना जिन्याने जायचा, नवाही जिन्यानेच जातो. त्या बाबतीत प्रगती नाही.

छोट्या बोर्डावर थेट लाटेत जायचं नसतं, आधी शांत पाण्यात जमवायचं असतं. आम्ही रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत जायचं ठरवलं. आईचं माहेर श्रीवर्धनचं, ती भरती-ओहोटीच्या ॲपकडे ढुंकून बघत नाही. "शनिवारी द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊच्या सुमाराला भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं. ॲपनेही बराच वेळ गोल गोल फिरून तेच सांगितलं. भरतीच्या टोकाला खाडीचं पाणी जरा थबकतं, तेवढा वेळ साधायचा होता. पनवेल, पेण, वडखळ करत पहाटे निघालो. वडखळच्या आसपासच्या रस्त्याबद्दल मी काही बोलणार नाही. गाडीच्या टपावर बोर्ड बांधलेला असताना तो रस्ता पार करणं हा स्वतंत्र जलक्रीडाप्रकार आहे.

मोठ्या बोर्डावर उभं राहणं ही एक घटना होती. उभं राहिलं की झालं, पुढची कामं घ्यायला मोकळे. छोट्यावर उभं राहणं चालूच असतं. घोटे, गुडघे, आणि ज्यांची नावं मला पुढे फिजिओथेरपिस्टकडून कळली असे काही स्नायू एकसारखे बारीक बारीक दुरुस्त्या करत राहतात. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले की बोर्डाचं नाक आणि शेपूट आळीपाळीने बुडतं. एक पुढे, एक मागे ठेवला की डावी-उजवी बाजू कलते. मधला तोडगा म्हणजे पावलं तिरकी आणि थोडीशीच मागेपुढे. त्या अवस्थेत हा गृहस्थ नक्की कुठे निघालाय, हे बघणाऱ्याला कळत नाही, आणि खरं तर त्या गृहस्थालाही.

त्यात कोणता पाय पुढे, हे आधी ठरवावं लागतं. त्याची पद्धत सोपी आहे. सरळ उभं राहायचं, कोणीतरी नकळत मागून ढकलायचं, तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडेल तो पुढचा. ही गोष्ट मी बायकोसमोर बोललो. पुढचे काही दिवस मला ओट्याजवळ, बेसिनपाशी, एकदा देवासमोर अगरबत्ती लावताना धक्के बसले. डावा पाय पुढे येतो हे पहिल्याच धक्क्यात कळलं होतं, पण खात्री करून घ्यावी असं तिचं म्हणणं पडलं.

खाडीत परत येऊ. छोट्या बोर्डावर वल्हं हा तिसरा पाय असतो. पातं पाण्यात आहे तोवर आपण आहोत. ते उचलून नुसतं उभं राहिलं की संपलं. शिवाय बोर्ड सरळ जात नाही. लांब बोर्ड आपल्या लांबीमुळे दिशा सोडायला तयार नसतो, छोटा मात्र प्रत्येक वल्ह्याला मान वेळावतो. उजवीकडे मारलं की नाक डावीकडे, डावीकडे मारलं की उजवीकडे. मला समोर कोर्लईच्या किल्ल्याकडे जायचं होतं. मी आधी कोर्लईचं, मग साळावच्या पुलाचं, मग पुन्हा कोर्लईचं दर्शन घेत जागच्या जागी होतो. उपाय असा की वल्हं उभं धरायचं, पातं बोर्डाच्या कडेला लागून पुढे टाकायचं आणि पावलांपाशी आलं की लगेच काढायचं. पावलांच्या मागे ओढत नेलं की नाक वळलंच. वल्ह्याचे छोटे छोटे, झटपट फटके. त्यासाठी वल्ह्याची दांडीही वीतभर कमी केली होती. एकूण या प्रकारात वाढवायचं काहीच नसतं.

शेजारून एक होडी आली. त्यातले कोळीकाका बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"काय साहेब, काय हरवलंय?"

मी पायांकडे बघत होतो.

"वर बघा, वर! पाण्यात काय नाय ठेवलेलं."

प्रशिक्षक हेच इतके दिवस सांगत होते, पण कोळीकाकांच्या आवाजात वजन होतं. मी वर बघितलं, क्षितिजाकडे, आणि बोर्ड खरोखर शांत झाला. नजर खाली असली की डोकं खाली जातं, डोक्यामागून खांदे, मग सगळेच. काका खूश झाले. मग बोर्डाकडे नीट बघून म्हणाले, "येवढीच फळी? मोठी नाय मिळाली?" याचं सविस्तर उत्तर द्यावं म्हणून मी वल्ह्याचा हात उचलला. उत्तर पाण्याखाली दिलं.

खाडीत बरं जमू लागल्यावर काशिद. थंडीतल्या सकाळी तिथे गुडघ्याएवढ्या, कधी कमरेएवढ्या लाटा असतात. त्याहून मोठ्या असल्या तर मी गाडीतूनच निसर्गाचा आनंद घेतो. शाळेत 'मतलई वारे व खारे वारे यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न पाठ करताना याचा पुढे काय उपयोग, असं वाटायचं. उपयोग हा, की पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो आणि लाटेचा चेहरा नितळ राहतो. दुपारी खारे वारे सुरू झाले की सगळं पाणी खडबडीत. १८० लिटरवाल्याला त्याची फिकीर नसते. १२५ लिटरवाल्याला दहा वाजता घड्याळ बघावं लागतं.

लाट पकडण्याचा हिशोबही बदलतो. मीटरभर खोलीच्या पाण्यात लाट साधारण ताशी ११ किलोमीटरने चालते. लांब बोर्ड लांबीच्या जोरावर दुरूनच तो वेग गाठत आणतो आणि लाट आरामात त्याला उचलते. छोट्याला तो वेग काही केल्या मिळत नाही. त्यामुळे लाट जिथे उभी चढून फुटायच्या बेतात येते, म्हणजे जिथे खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट उरते, तिथेच जाऊन ताटकळायचं. आता बघा, या बोर्डावर सगळ्यात अवघड काय, तर न हलता उभं राहणं. आणि लाटेची वाट कुठे बघायची, तर जिथे पाणी सगळ्यात जास्त घुसळलं जातं तिथे, न हलता. ही रचना ज्याने केली त्याने कधीतरी सरकारी कार्यालयात काम केलेलं असावं.

पडण्याचे नियम मात्र मी भक्तिभावाने पाळतो. पसरून पडायचं, बोर्डापासून लांब पडायचं, वर येताना हात डोक्यावर. बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधीही ठेवायचा नाही. पायाला बांधायची दोरी सरळ हवी. सपाट पाण्यावरची ती स्प्रिंगची दोरी लाटेत ताणली की बोर्ड तेवढ्याच आवेगाने परत भेटायला येतो.

आणि मग एक लाट मिळाली. वल्ह्यांचे चार झटके, शेपूट वर उचललं गेलं, नाक बुडणार असं वाटताच मी मागचा पाय सरकवून शेपटीवर, फिनांच्या, म्हणजे बोर्डाखालच्या परांच्या, वर नेला, आणि बोर्ड सुटला. उभा असताना पाण्यात पाऊण बुडालेला हा प्राणी वेग आल्यावर पाण्यावरच आला. मी उजवीकडे बघितलं, तो उजवीकडे वळला. लाटेच्या अंगावरून, आडवा. डावीकडे बघितलं, डावीकडे! जुन्याला जे अर्ज करून मिळत नव्हतं ते इथे नुसत्या मान वळवण्यावर मिळत होतं. मी पुन्हा उजवीकडे, लाटेच्या मोकळ्या भागाकडे बघितलं.

किनाऱ्यावर लेक मोबाइल घेऊन उभी होती. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "बाबा, इकडे बघ ना!"

मी बघितलं.

तिने बटण दाबलं तो फोटो दुपारीच घरच्या ग्रुपवर पडला. त्यात निळं पाणी आहे, पांढरा फेस आहे, हवेत तिरका झालेला साडेआठ फुटी बोर्ड आहे आणि उजव्या कोपऱ्यात एक वल्हं आहे. पहिली प्रतिक्रिया नागपूरच्या आत्याची आली: "वा! फारच सुंदर. पण तू कुठे आहेस, फोटो काढतोयस का?"