बाहेरचा पैसा

सकाळी चहाला आधण ठेवलं आणि फोन उघडला तर फॅमिली ग्रुपवर आमच्या दादाचा फॉरवर्ड. तोच तो, "परकीय शक्तींनी भारताच्या निवडणुकीसाठी २१ मिलियन डॉलर ओतले, जागे व्हा" वाला. २०२५ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा आला होता, मधे थंडावला, आता परत फिरायला लागलाय. खाली दोन झेंडे आणि "प्रत्येक देशप्रेमीने पाच ग्रुपला पाठवा". चहा ऊतू गेला. त्याचं खापर मी दादावरच फोडणार.

एरवी मी असल्या फॉरवर्डला हात लावत नाही, सणावारी भेटायचं असतं, कशाला वाकडं घ्या. पण आज नेमका काल रात्रीपासून पाऊस, आणि सहालाच सरांचा फोन आला होता की ताई, संदर्भ विभागाच्या कोपऱ्यात परत गळतंय, बादली लावलीय, पण वाऱ्याने दुसरा पत्रा पण हललाय. सर म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाचे खजिनदार. पाटण तालुक्यातलं गाव, पाऊस म्हणजे काय ते तिकडच्यांना विचारा. वाचनालय "ड" वर्गातलं, अनुदान येतं तेव्हा येतं, आणि ज्ञानकोशाचे खंड आम्ही खताच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून ठेवतो जून ते सप्टेंबर. त्या कोपऱ्यात गळायचं खरं तर काही कारण नव्हतं. पत्र्यांचे पैसे आले होते हो. आले आणि परत गेले.

झालं असं की आमचा भाचा, ताईचा मुलगा, न्यू जर्सीत असतो. याच वाचनालयात लहानपणी सुट्टीभर पडीक असायचा, खुर्ची मिळाली नाही की दोन कपाटांच्या मधे जमिनीवर बसून वाचायचा. मागच्या वेळी आला तेव्हा गळणारं छप्पर बघून गेला आणि चाळीस हजार रुपये टाकले वाचनालयाच्या खात्यावर. डॉलर नव्हेत, रुपये. त्याचा पुण्यात एक फ्लॅट आहे, त्याचं भाडं इथल्याच बँकेत जमा होतं, त्यातले. म्हणजे पुण्यातल्या भाडेकरूचे पैसे पुण्यातल्या खात्यातून पाटण तालुक्यात आले, मधे समुद्रसुद्धा लागला नाही.

ऑडिटच्या वेळी सीएने विचारलं, हे देणगीदार कुठले? सर म्हणाले, इथलाच मुलगा आहे, दहावीला मी शिकवलाय त्याला. सीए म्हणाला, ते राहू द्या सर, पासपोर्ट कुठला? आणि पासपोर्ट अमेरिकेचा. झालं. अमेरिकेचा नागरिक म्हणजे परकीय स्रोत, पैसे रुपयात असले तरी, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. एफसीआरए म्हणून परदेशी देणग्यांचा कायदा आहे, त्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर घेता येत नाही. नोंदणी करायची तर संस्थेने तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेला दाखवायचा, आमचं वाचनालय पंधरा लाख बघेल कधी तर स्वप्नात. वर दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं उघडायचं, २०२० पासून तसाच नियम आहे, खातं तिथलंच. आणि चुकलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. हे शेवटचं ऐकून सरांचं बीपी वाढलं ते खरोखर वाढलं, दोन दिवस गोळी बदलावी लागली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात एसटीचं अर्धं तिकीट चुकवलेलं नाही.

कमिटीत एकजण म्हणाला त्यात काय एवढं, त्याच्या आईच्या खात्यावर टाकायला सांगा आणि तिच्या नावाने पावती फाडा. खरं सांगते, मलाही पटलं होतं. सर म्हणाले, ताई, पावतीवर खोटं नाव मी लिहिणार नाही, कायदा आहे तो आहे. कीर्दीत लाल शाईने लिहिलं "रक्कम परत", तारीख, सही. भाच्याला हाताने पत्र लिहिलं की आपला स्नेह पोचला, रक्कम साभार परत करीत आहोत, गैरसमज नसावा. भाच्याने त्या पत्राचा फोटो मला पाठवला, नुसता फोटो, खाली एक अक्षर नाही.

तर दादा, आता तुझ्या परकीय शक्तींकडे येते.

पहिलं म्हणजे त्या २१ मिलियनचं. मस्कच्या त्या खर्च-कपातवाल्या खात्याने यादी टाकली, त्यात भारतात मतदान वाढवायला २१ मिलियन असं लिहिलेलं, ट्रंपसाहेबांनी मसाला घातला की कुणाला तरी दुसऱ्याला निवडून आणायचा बेत असणार, आणि आपल्याकडे आठवडाभर टीव्हीवर आरडाओरडा. इंडियन एक्स्प्रेसने शोधून छापलं की ते पैसे बांगलादेशसाठीचे होते. आणि पुढे ऑगस्टमध्ये आपल्याच परराष्ट्र खात्याने राज्यसभेत उत्तर दिलं, की अमेरिकन दूतावासाने कळवलंय, असा निधी भारतात मतदानासाठी आलाही नाही आणि दिलाही नाही. आपल्याच सरकारचं उत्तर आहे बाबा, माझं नाही. ते कुणी पाच ग्रुपला पाठवलं नाही.

बरं, बाहेरचे लोक ढवळाढवळ करतच नाहीत असं माझं म्हणणं नाही, करतात. रोमानियात २०२४ च्या डिसेंबरमध्ये घटना न्यायालयाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली, टिकटॉकवरचा प्रचार आणि रशियाचा संशय, सगळं होतं त्यात. आपल्याकडेही मॉयनिहान म्हणून अमेरिकेचे राजदूत होते सत्तरच्या दशकात, त्यांनी नंतर आठवणींत लिहून ठेवलंय की आम्ही दोनदा काँग्रेसला पैसे दिले, कम्युनिस्टांना पाडायला. काँग्रेसने अर्थातच नाही म्हटलं. म्हणजे भीती खोटी नाही. पण भीती कुणाची घालायची आणि पैसे कुणी घ्यायचे याची जी वाटणी झालीय ना, तिच्यावर माझं डोकं फिरतं.

ऐका आता. एफसीआरए पहिल्यांदा कधी आला? १९७६ ला. आणीबाणीत. तेव्हा अण्णाकाका, म्हणजे दादाचेच वडील, मिसाखाली येरवड्याच्या तुरुंगात होते आणि इंदिराबाई रोज परकीय हाताच्या नावाने बोटं मोडत होत्या. त्या कायद्यात स्पष्ट होतं की राजकीय पक्षाने, उमेदवाराने, आमदार-खासदाराने परकीय पैसा घ्यायचा नाही. काढला कुठल्याही हेतूने असो, हे कलम चांगलं होतं, मी म्हणेन शहाणपणाचं होतं.

मग काय झालं, वेदांताच्या इथल्या कंपन्यांनी, स्टरलाइट, आपल्या गोव्यातली ती खाणवाली सेसा, यांनी पक्षांना देणग्या दिल्या. एकाला नाही. भाजपला पण आणि काँग्रेसला पण, दोन्ही ताटांत वाढलं. वेदांता रिसोर्सेस ही इंग्लंडात नोंदलेली कंपनी. एडीआर ही निवडणूक सुधारणांसाठी झटणारी संस्था आणि सर्मा म्हणून निवृत्त सचिव कोर्टात गेले. तिथे युक्तिवाद काय झाला माहितीय? की कंपनीचे मालक अनिल अग्रवाल भारतीय नागरिक आहेत, मग कंपनी परदेशी कशी? हे वाचलं तेव्हा मी एकटी बसून हसले. म्हणजे तिथे माणूस बघायचा, कागद नाही. आणि आमच्या भाच्याच्या बाबतीत कागद बघायचा, माणूस नाही. त्याची आई कराडला राहते, आजोळ आमचं, दहावीचा निकाल याच शाळेच्या फळ्यावर लागला होता. तो परका.

दिल्ली हायकोर्टाने तो युक्तिवाद उडवून लावला बरं का. २८ मार्च २०१४, लोकसभा निवडणूक अगदी दारात. कोर्ट म्हणालं दोन्ही पक्षांनी कायदा मोडलाय, सरकारने आणि निवडणूक आयोगाने सहा महिन्यांत कारवाई करावी.

सहा महिने! आमच्या सरांनी सहा दिवस पण लावले नव्हते.

पक्षांनी काय केलं, सुप्रीम कोर्टात अपील केलं, आणि दरम्यान २०१६ च्या अर्थसंकल्पात, वित्त विधेयकात, जिथे कुणी शोधणार नाही तिथे, परकीय स्रोताची व्याख्याच बदलून टाकली, म्हणजे असल्या कंपन्या परकीय ठरायलाच नकोत. बदलली ती बदलली, मागल्या तारखेपासून, २६ सप्टेंबर २०१० पासून लागू. मग दोघांनी जाऊन अपील मागे घेतलं, आता गरजच नाही म्हणून. पण एक घोळ झाला, कोर्टातलं प्रकरण २००९ पर्यंतच्या देणग्यांचं, म्हणजे जुन्या १९७६ च्या कायद्याखालचं. तारीख चुकली की! मग २०१८ च्या वित्त विधेयकात परत दुरुस्ती, २०१० खोडून ५ ऑगस्ट १९७६. बेचाळीस वर्षं मागे. लोकसभेत गोंधळ चालू होता, चर्चा शून्य, विधेयक पास. एरवी ज्यांचं एका वाक्यावर एकमत होत नाही त्यांच्यातला एकजणही खाली बसून ओरडला नाही की थांबा, ही तारीख कुठून आली.

दादा, ज्या तारखेपासून सूट दिली त्या तारखेला तुझे वडील येरवड्यात होते रे.

हे टाईप करताना हात थरथरतोय थोडा, स्पेलिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

हो, आता एकजण येईल कमेंटमध्ये की ताई, जुनी व्याख्याच वेडगळ होती, अर्ध्याहून जास्त शेअर परदेशी लोकांनी घेतले की चांगली भारतीय कंपनी पण परकीय ठरायची. असेल. मान्य. मग पुढच्या तारखेपासून बदला ना, आम्ही नाही म्हटलंय का. कॉपी करताना पकडल्यावर सुपरवायझरनेच येऊन सांगायचं की मागच्या बेचाळीस वर्षांपासून कॉपीला परवानगी आहे, असं कुठल्या शाळेत चालतं? (सरांच्या शाळेत नव्हतं चालत. मी एकदा भूगोलाला पकडली गेलेय, म्हणून माहितीय.)

इलेक्टोरल बाँडचं, म्हणजे पक्षांना देणगी द्यायच्या त्या रोख्यांचं, तर बोलायलाच नको पण बोलते. कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच द्यायचं ही मर्यादा काढली, नाव लपवायची सोय केली, आणि स्वतः निवडणूक आयोगाने २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं की याने पक्षांना बेलगाम परदेशी पैसा येईल. तरी चाललं पाच-सहा वर्षं. १५ फेब्रुवारी २०२४ ला आपल्या चंद्रचूड साहेबांच्या खंडपीठाने रद्द केलं तेव्हा आमच्या सोसायटीत मी पेढे वाटले, लोकांना वाटलं मुलीचं ठरलं. यादी बाहेर आली तर वेदांता त्यातही पहिल्या पाच-सहात, ४०० कोटींच्या आसपास. भाजपला सगळ्यात जास्त, पण बाकीच्यांनी काही उपास धरले नव्हते. योजना रद्द झाली, पैसे मात्र कुणी परत केले नाहीत. चारशे कोटींना लाल शाई नाही. चाळीस हजारांना आहे.

मला राग पक्षांचा आहे तेवढाच आपलाही आहे. आपण मतं मागायला आलेल्याला एकदा तरी विचारलं का, की तुमच्या पक्षाने ती तारीख मागे का नेली? मी नाही विचारलं. माझ्या दारात आले होते २०२४ ला, लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा, दोन वेगवेगळ्या पक्षांचे, मी पाणी दिलं, हळदीकुंकवाची पिशवी घेतली आणि गटाराचं विचारलं. गटार पण महत्त्वाचं आहे, नाही असं नाही. पण विचारायला तोंड होतं आणि माणूस समोर होता.

आणि संस्थांना नियम नको असंही नाही, परदेशी पैशावर गाड्या उडवणाऱ्या दोन-चार संस्था मी पण बघितल्यात. बास, यापुढे त्यावर बोलणार नाही, कारण त्याच वाक्यावर बोट ठेवून लोक सगळा विषय तिकडे नेतात.

दुपारी लिहायला घेतलं होतं, आता संध्याकाळ झाली. मधे सरांना फोन केला. पत्र्यावर ताडपत्री टाकलीय, दोन पोरं चढली होती, सर खाली शिडी धरून उभे. मी ओरडले त्यांच्यावर, या वयात कशाला. म्हणाले खंड कोरडे आहेत. मग जरा वेळाने म्हणाले, तुमचा भाचा डिसेंबरात येणार आहे ना, त्याला सांगा शिडी धरायला ये, श्रमदान परकीय स्रोतात धरतात का ते सीएंना विचारून ठेवतो. आणि हसले. ते पैसे परत केल्यापासून पहिल्यांदाच त्यावर हसले.

हे सगळं मी सकाळीच थोडक्यात ग्रुपवर लिहून पाठवलं होतं दादाला. निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही. आत्ता बघितलं तर त्याने नवीन फॉरवर्ड टाकलाय, गुडघेदुखीवर भिजवलेली मेथी. त्याला मी अंगठा दिला.